एक आला का?

आमच्या घरमालकांना ‘काका’ म्हटलेलं चालायचं, ‘अंकल’ म्हटलेलं आवडायचं नाही, आणि ई-मेलचं उत्तर मूळ मजकुराच्या वर लिहिलेलं तर मुळीच खपायचं नाही. ठाण्याला नौपाड्यातली त्यांची मागची खोली मी भाड्याने घेतली, तेव्हा करारनामा व्हायच्या आधीच त्यांनी मला एक मेल पाठवला आणि त्याला उत्तर द्यायला सांगितलं.

मी ऑफिसातून निघता निघता फोनवरूनच उत्तर दिलं. त्यांचा मजकूर खाली, माझा वर, जसं सगळं जग करतं तसं. संध्याकाळी चावी घ्यायला गेले तर काका दारातच उभे.

"प्रश्नाच्या आधी उत्तर देतेस?"

"म्हणजे?"

"मी तीन गोष्टी विचारल्या. शाकाहारी आहेस का, गाडी आहे का, राहायला कधी येणार. तू वर लिहिलंयस, हो, नाही, शनिवारी. वाचणाऱ्याने काय समजायचं? शनिवारी शाकाहारी?"

आतून काकूंचा आवाज आला. "अहो, चावी द्या त्या पोरीला. दमून आलीये ती."

चावी मिळाली. पण त्यानंतर त्यांना मेल लिहिताना माझी कायम बोटं चाचरायची. खरं सांगते, ऑफिसात साहेबाला लिहितानाही मी एवढी जपून लिहीत नसे.

त्या घरात टीव्ही काकूंचा होता आणि खिडकीजवळचं टेबल काकांचं. टेबलावर एक जुना कॉम्प्युटर आणि त्याहून जुना कीबोर्ड. त्याच्या बटणांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत जायचा, आणि काका चिडून लिहितायत की खुशीत, हे काकू फोडणी देता देता ओळखायच्या. पडदा काळा, अक्षरं हिरवी. चित्रं नाहीत, रंग नाहीत, टिचकी मारायला काही नाही. माऊस प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खणात ठेवलेला. मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, त्यामुळे काळी खिडकी मला नवी नव्हती. पण आम्ही तिच्यात हुकूम सोडतो. तिच्यात बसून कोणी घरची पत्रं वाचतं हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

"पत्र वाचायला पत्र पुरतं," काका म्हणायचे. "पाकिटावर गुलाबाची फुलं कशाला?"

मेल वाचण्याच्या ह्या प्रोग्रॅमला ते ‘वाचक’ म्हणत. त्याच वाचकात ते एक गटही वाचायचे. फोनवरचे ग्रुप यायच्या कितीतरी आधी इंटरनेटवर विषयवार गट असत. कोणीही लिहावं, कोणीही वाचावं. लिहिलेलं जगभरच्या सर्व्हरवर आपोआप पोचायचं. मराठी लिहिणाऱ्यांचा असा एक गट होता. भरात असताना तिथली भांडणं वाचायला लोक म्हणे जेवण बाजूला ठेवायचे. मी राहायला गेले तेव्हा तिथे चार टाळकी उरलेली. जाहिरातवाल्यांनीसुद्धा तिकडे फिरकणं सोडलेलं. काका मात्र रोज सकाळी आंघोळ करून, ओलं डोकं पुसत तिथे जाऊन बसायचे.

त्यांचे नियम सगळ्या आळीला ठाऊक होते. एका ओळीत बहात्तरच्या वर अक्षरं घ्यायची नाहीत. सहीखालचा मजकूर चार ओळींपेक्षा जास्त नको. ज्याला उत्तर देतोय त्याचं तेवढंच वाक्य वर ठेवायचं, त्याच्या बाजूला खूण करायची, आणि आपलं त्याच्या खाली लिहायचं. हा नियम ते फ्रिजवरसुद्धा पाळायचे. काकू चिठ्ठी लावून जायच्या, ‘येताना कोथिंबीर आणि आलं’. आलं आणून कोथिंबीर विसरलेले काका त्याच चिठ्ठीवर ‘कोथिंबीर’ला बाणासारखी खूण करून खाली लिहायचे, ‘बाजारात चांगली नव्हती.’

"बाजारात चांगली नव्हती म्हणे," काकू मला सांगायच्या. "हे बाजारात गेलेच नाहीत. कोपऱ्यावरच्या भैयाकडून आलं घेतलं न् आले."

आणि मुदत. मुदतीवर काका तासभर बोलू शकत. गटात कोणी फार पिडायला लागलं तर वाचकाला सांगता येतं, ह्या माणसाचं लिखाण मला दाखवू नकोस. तसा एक नियम लिहायचा, की तो माणूस झाकला जातो. क्रिकेटखेरीज काही न लिहिणाऱ्या एकाला काकांनी वर्ल्ड कप संपेपर्यंत झाकलेलं, निवडणुकीत पिसाळलेल्या दुसऱ्याला निकालापर्यंत. मुदत संपली की नियम आपला आपण गळून पडायचा.

"नियमाला मुदत हवीच," ते म्हणायचे. "माणूस आज ना उद्या सुधारतो. नियमाला ते कळत नाही."

एवढं सगळं बोलणाऱ्या ह्या माणसाने एक नियम मात्र बिनमुदतीचा लिहून ठेवलेला होता. तो भावजींसाठी होता.

भावजी म्हणजे काकांचे मित्र. कल्याणच्या पुढे एका कारखान्यात दोघं कॉम्प्युटर विभागात, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसत. काका पुढे ठाण्याला आले, भावजी तिथेच, कारखान्याजवळ मोहन्याला राहिले. ते काकूंना वहिनी म्हणायचे म्हणून काकूंचे ते भावजी. काकूंचं ऐकून ऐकून मीही तेच म्हणायला लागले, त्यांना एकदाही न बघता. वाचक मुळात भावजींनीच काकांना दिलेला, फ्लॉपीवरून. त्यातले सगळे इंग्रजी संदेश दोघांनी मिळून मराठी केले. न दाखवलेल्या लिखाणाचा आकडा पडद्याच्या तळाशी येतो, तिथे काकांना ‘वगळलेले’ हवं होतं. भावजींनी हट्टाने ‘झाकलेले’ घालायला लावलं. मी एकदा त्याचं कारण विचारलं, तर काका म्हणाले, "त्याला वगळणं कधी जमलंच नाही. कारखान्यातसुद्धा बिघडलेला भाग फेकायचा नाही, झाकून ठेवायचा."

भांडण झालं ते असं. निवृत्तीनंतर काकांनी गटावर एक भलामोठा लेख लिहिला, उत्तर कसं द्यावं ह्या विषयावर. दुसऱ्याचा सगळा मजकूर उचलून ठेवू नये, हवं ते वाक्य ठेवावं, आपलं खाली लिहावं, वगैरे वगैरे. वाचायला चार पडदे खाली सरकावं लागायचं. भावजींनी त्याला उत्तर दिलं. काकांचा अख्खा लेख जसाच्या तसा खाली, आणि त्याच्या डोक्यावर एकच शब्द: सहमत.

काकांच्या डोक्यात तिडीक गेली. सगळ्या गटासमोर त्यांनी लिहिलं, न वाचता सहमत होणाऱ्यांची मला गरज नाही. भावजींनी लिहिलं, वाचलाय, आणि तू कारखान्यातही असाच होतास, माणूस जेवला का हे विचारायचं सोडून डबा तिरका का ठेवला हे विचारायचास. हे काकांना फार लागलं. त्या गटाची रीत अशी की कोणाला झाकायचं तर आधी चारचौघांत सांगून झाकायचं. काकांनी सांगितलं, आणि झाकलं.

मतभेदावरून भांडले असते तर मिटलं असतं कधीतरी. हे भांडले होते सहमतीवरून. त्याचं काय करायचं ते कोणालाच कळेना.

सुरुवातीला झाकूनही फारसा फरक पडला नाही. भावजी जे लिहायचे त्याला इतर लोक उत्तरं द्यायचे, आणि त्या उत्तरांत भावजींची वाक्यं असायचीच. काका ती वाचायचे आणि काकूंना सांगायचे, "ह्याच्या गुडघ्याचं काहीतरी आहे वाटतं." हळूहळू गट ओसरला. शेवटी नागपूरच्या एक प्राध्यापक बाई तेवढ्या भावजींना नेमाने उत्तर द्यायच्या. त्यांच्यामुळे काकांना कळायचं की मोहन्याला पाणी आलं नाही, की भावजींनी पेरूचं झाड लावलं. मग त्या बाईही लिहायच्या थांबल्या. मोहन्याहून काकूंना अधूनमधून फोन करणाऱ्या भावजींच्या पत्नी त्याआधीच गेलेल्या. आणि भावजींचा मोबाइल काकांच्या मोबाइलसारखाच, बंद करून खणात ठेवलेला असे.

आता उरला होता पडद्याच्या तळाचा आकडा. ‘झाकलेले: १’.

मी तिथे गेल्यावर कितीतरी दिवस मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. एवढंच ऐकू यायचं की रोज सकाळी काकू स्वयंपाकघरातून विचारतात, "एक आला का?" आणि काका म्हणतात, "आला." मग काकू चहा गाळतात. मला वाटायचं दुधवाला, नाहीतर पेपरवाला. एका रविवारी मी सरळ विचारलं.

"भावजी," काकू म्हणाल्या. "रोज काहीतरी लिहितात ते. ह्यांना दिसत नाही, पण लिहिलं एवढं कळतं. म्हणजे उठलेत, हातपाय चालतायत."

"मग काका वाचत का नाहीत? नियम काढला की झालं. एक ओळ आहे."

"ते तू त्यांनाच विचार बाई. मी विचारून दमले."

मी विचारलं. काकांनी चष्मा काढून पुसला. "मी झाकला, मीच उघडायचा, म्हणजे मीच चुकलो."

"त्यांनी काय करायचं मग?"

"त्याने एक मेल करायचा. साधा. मजकूर वर, उत्तर खाली."

मला त्यांचा मनापासून राग आला. माझे वडील आणि माझे सख्खे काका गावच्या पडवीच्या एका वाशावरून बोलेनासे झाले होते. त्यात आमची सगळी लहानपणं वाया गेली. म्हाताऱ्या माणसांच्या हट्टाला लोक तत्त्व म्हणतात, आणि भोगतात त्यांच्या बायका. हे मी काकांना बोलूनही दाखवलं. ते एवढंच म्हणाले, "बहात्तरच्या वर गेलीस," आणि वाचकाकडे वळले.

गणपतीच्या सुमारास गटाच्या सर्व्हरने एक सूचना लावली. परदेशातला कोणी हौशी माणूस तो सर्व्हर फुकट चालवायचा. त्याचं म्हणणं, जुन्या उघड्या दाराने आता कोणाला आत घेणार नाही, नवं कुलूपबंद दार केलंय, प्रत्येकाने नाव नोंदवून परवलीचा शब्द घ्यावा. त्यासाठी वाचकाची नवी आवृत्ती घालायची, आणि तिची मांडणी, म्हणजे सगळी सेटिंग्ज, पहिल्यापासून करायची.

"जुनी फाईल उचलून नव्या जागी ठेवू," मी म्हटलं. "दोन ओळी बदलू. पाच मिनिटांचं काम."

"मांडणी उचलायची नसते. लिहायची असते." काकांनी खुर्ची ओढली. "उद्या तुझ्या काकूच्या ओट्यावर शेजारणीचे डबे आणून ठेवले, तर तिला मीठ सापडेल का?"

"पण ही तुमचीच फाईल आहे!"

"माझीच. पण कोणत्या सालातल्या माझी?"

सगळा शनिवार गेला. सर्व्हरचं नाव, दाराचा, म्हणजे पोर्टचा, आकडा, कुलूप लावून बोलायचं की नाही, अक्षरं कोणत्या पद्धतीची, ओळ कुठे मोडायची. प्रत्येक ओळ काका आधी तोंडाने म्हणत, मग लिहीत, मग ती नसती तर काय झालं असतं ते मला सांगत. काळ्या खिडकीत वेलांट्या अक्षरापासून सुटून पुढच्या अक्षरावर जाऊन बसायच्या, तिथे त्यांनी दुपारभर डोकं घातलं. मी कंटाळून दोनदा झोपून आले. शेवटी झाकण्याचे नियम आले. आधीच्या सगळ्या नियमांच्या मुदती संपलेल्या, ते लिहायची गरज नव्हती. भावजींचा एकच उरला. काकांची बोटं बटणांवर थांबली.

त्यांनी तो लिहिला. पहिल्यासारखाच, मुदत न घालता.

मी उठून गेले. नंतर कळलं, माझ्यामागे त्यांनी आणखी एक गोष्ट केली. नव्या दाराने आत कसं यायचं ते पायरी पायरीने, सोप्या मराठीत लिहून गटावर टाकलं. आठवड्याने पुन्हा टाकलं. चार टाळक्यांपैकी दोघं परदेशात कॉम्प्युटरचीच नोकरी करणारे, त्यांना ह्याची गरज नव्हती. तो लेख कोणासाठी होता ते काकूंनी ओळखलं, मीही ओळखलं, आणि आम्ही दोघी गप्प राहिलो.

जुनं दार बंद झालं त्या सकाळी काकूंनी विचारलं, "एक आला का?"

"आज पहिलाच दिवस आहे. वेळ लागतो."

दुसऱ्या दिवशी ‘झाकलेले: ०’. तिसऱ्या दिवशीही. काकांनी आपली मांडणी पुन्हा तपासली, भावजींच्या पत्त्यातलं एकेक अक्षर बोट लावून वाचलं. नियम बरोबर होता. मी म्हटलं, त्यांना नवं दार जमलं नसेल. काका म्हणाले, "त्याला? त्याने मला शिकवलंय. शिवाय मी दोनदा लिहिलं, बारा पायऱ्या, आंधळ्यालाही जमेल." काकूंनी भावजींच्या मोबाइलवर फोन लावला. बंद. तो नेहमीच बंद असायचा, पण आता त्या बंद असण्याचा अर्थ बदलला.

नवरात्र सुरू झालं. टेंभी नाक्याच्या देवीला काकू दर वर्षी ओटी भरायला जात. त्या वर्षी मला बरोबर घेऊन गेल्या. परत येताना म्हणाल्या, "ह्यांच्यासाठी नाही काही मागितलं. भावजींसाठी मागितलं." घरी आलो तर काका टेबलाशी तसेच बसलेले. पडद्यावर काहीच नवीन नव्हतं. त्यांनी चहाला नको म्हटलं. आमच्या घरात चहाला नको म्हणणं म्हणजे जवळजवळ सुतकच.

"चला," काकू म्हणाल्या. "मी गाडी मागवते हिच्याकडून. मोहन्याला जायचं."

"मी कशाला?"

"मग बसा शून्य बघत."

काका उठले, आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून आले. दुर्गाडीच्या पुलावर गाडी बराच वेळ अडकली. काका खिडकीतून खाडीकडे बघत होते. एकदाच म्हणाले, "तो लेख मी वाचायला द्यायला हवा होता त्याला. आधी. खासगीत." बऱ्याच वर्षांपूर्वीच्या लेखाबद्दल बोलत होते ते. काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

मोहन्याला कारखान्याच्या जुन्या वस्तीमागे भावजींचं बैठं घर. दारात पेरूचं झाड. काका फाटकाशीच थांबले. काकूंनी कडी वाजवली. बराच वेळ काही नाही. मग आतून चप्पल घासल्याचा आवाज, आणि बनियन आणि पट्ट्यापट्ट्याची हाफ पँट घातलेले एक उंच गृहस्थ दारात.

"वहिनी?" ते म्हणाले. मग त्यांची नजर फाटकाकडे गेली. "अरे, हा जिवंत आहे?"

"मी?" काका ओरडलेच. "मेलास तू, असं वाटून आलोय आम्ही! कुठे होतास? रोजचा एक कुठे गेला?"

"दार बंद झालं ना सर्व्हरचं! आत घेतच नाही. रोज ठोठावतोय. सूचना वाचली होती, पण नवं दार काही जमेना."

"मी दोनदा लिहिलं! बारा पायऱ्या!"

"कुठे?"

"गटावर!"

भावजी आपल्या हाफ पँटकडे बघायला लागले. मग हळूच म्हणाले, "मला कसं दिसणार? मी तुला झाकलंय."

काकूंनी तोंडाला पदर लावला, आणि मला कळेना त्या हसतायत की रडतायत.

"तू मला झाकलंस?" काका म्हणाले. "केव्हा?"

"तू झाकलंस त्याच संध्याकाळी."

"सांगितलं नाहीस! रीत आहे सांगायची!"

"तुला ऐकू कुठे येणार होतं?" भावजी म्हणाले. "आत या आता. शेजारी बघतायत."

चहा भावजींनीच केला. पांचट होता, काकूंनीसुद्धा तो निमूटपणे घेतला. चहा पिता पिता बाकीचं बाहेर आलं. भावजीही रोज सकाळी तळाचा आकडा बघायचे. काका रोज गटावर काहीतरी टाकतात म्हणजे ठीक आहेत. "आपणही टाकावं म्हटलं. तुला एक दिसतो हे माहीत होतं की मला. पाणी आलं, पाणी नाही आलं, जे असेल ते लिहायचो." दार बंद झाल्यावर त्यांना कोणाचंच काही दिसेना. "परवा ठाण्याला आलेलो," ते काकूंना म्हणाले. "टेंभी नाक्यापर्यंत आलो. देवीचं दर्शन घेतलं. नौपाड्याच्या रिक्षात बसलोसुद्धा. मग उतरलो."

"का भावजी?"

"ह्याने विचारलं असतं, मेल का नाही केलास."

काकांनी खरंच तेच विचारलं असतं. ते उठून भावजींच्या कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले. तोच काळा पडदा, तीच हिरवी अक्षरं. "नवी आवृत्ती घालतो. मांडणी पहिल्यापासून लिहावी लागेल."

"लिही. ओळ बहात्तरवर मोडू नकोस. मला ऐंशी लागते."

"ऐंशी?"

"घर कोणाचं आहे?"

काकांनी ऐंशी लिहिलं. मी साक्षीदार आहे. सर्व्हरचं नाव, दार, कुलूप, वेलांट्या, सगळं त्यांनी भावजींना हवं तसं केलं, जिथे पटत नव्हतं तिथे नुसतं नाकाने हुंकारत. मागे उभे राहून भावजी चुका काढत होते. दोघं एकाच टेबलाशी होते, आणि काकू मला कोपराने ढोसून ते दाखवत होत्या.

शेवटी झाकण्याचे नियम आले. काकांनी न वळता विचारलं, "तुझ्याकडे कोण कोण होतं?"

"एकटा तू."

मला वाटलं, आता हा विषय संपला. कोण लिहील तो नियम पुन्हा? पण काका सरळ बसले आणि भावजींच्या मशीनवर त्यांनी स्वतःचा पत्ता टाकला, एकेक अक्षर तोंडाने म्हणत. मांडणी ज्याची त्याची असते, त्यात आपण फेरफार करायचा नाही, हे त्यांचं तत्त्व. स्वतःला झाकताना त्यांच्याकडे मला बघवेना. मग त्या ओळीखाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली.

"हे काय?" भावजी वाकून बघायला लागले.

"मुदत. दिवाळीचा पाडवा. माझ्याकडच्या नियमालाही घरी जाऊन घालतो तीच. लगेच उघडायला नको, तू बोलशील आणि मी चिडेन. थोडे दिवस जाऊ देत."

भावजींनी ती ओळ बोट लावून वाचली. "पाडवा," ते म्हणाले. "बरंय."

निघताना त्यांनी काकूंच्या पिशवीत पेरू भरले. दोघं मित्र एकमेकांना अच्छाही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी विचारलं, "एक आला का?" आणि काका जवळजवळ ओरडलेच, "आला!" त्या दिवशी चहा दोनदा झाला.

दिवाळीला माझी ड्यूटी लागली, म्हणून मी गावी गेले नाही. पाडव्याच्या सकाळी काकू औक्षणाचं ताट घेऊन पाटाशी उभ्या होत्या. काका नवा झब्बा घालून टेबलाशी बसले होते, निरांजन विझेल म्हणून काकू हाका मारत होत्या आणि हे उठत नव्हते. पहाटेच त्यांनी गटावर शुभेच्छा टाकल्या होत्या, हे मला माहीत होतं. त्यांच्या बटणांनी जाग आली होती मला.

"एक आला का?" काकूंनी विचारलं.

"शून्य," काका म्हणाले. आवाज इतका बारीक की मी धावतच गेले. तळाला खरंच ‘झाकलेले: ०’ होतं. काकांचा चेहरा उतरला होता. रोज तळाचा आकडा बघायची सवय, त्यामुळे वरची नवी ओळ त्यांना दिसलीच नव्हती.

"काका," मी म्हटलं, "वर बघा."

वर भावजींचं उत्तर होतं. झाकलेलं नव्हतं, हिरव्या अक्षरांत समोर उघडं होतं. काकांचा लांबलचक शुभेच्छा-लेख त्यांनी सगळा गाळला होता. एकच वाक्य ठेवलं होतं, त्याच्या बाजूला खूण, आणि त्याच्या खाली, जिथे उत्तर असायला हवं बरोबर तिथे, एक शब्द.

> ह्या वर्षी तरी भेटत राहू.

सहमत.

काकांनी चष्मा काढला. पुसायला घेतला, आणि पुसतच राहिले. काकू ताट घेऊन तिथेच आल्या आणि खुर्चीत बसलेल्या नवऱ्याला त्यांनी टेबलाशीच ओवाळलं.

"मग?" त्यांनी विचारलं. "एक आला की नाही?"

"आला," काका म्हणाले.